कॅसेटच्या कव्हरवरची गोदा

शालन ओव्हाळ यांना गाता येतं, हे वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांना गाताना मात्र कुणीच ऐकलं नव्हतं.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना, कुणाच्या बारशाला, बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात खिरीच्या रांगेत, कुठेही त्यांना आग्रह व्हायचा. मग त्या पदर सारखा करत ठरलेलं उत्तर द्यायच्या, "वाक्य मिळाल्याशिवाय पद येत नाही हो मला." लोक हसायचे आणि विषय बदलायचा. संगीत नाटक पाहिलेल्यांना त्यातली गंमत कळायची. नाटकातलं गाणं आपलं आपण सुरू होत नाही. समोरचा नट एक वाक्य टाकतो, त्याच्या शेवटच्या शब्दावर ऑर्गन सूर धरतो आणि मग पद उठतं. वाक्य चुकलं तर भलेभले नट तोंड उघडून उभे राहिलेत.

त्या गायिका असल्याचा पुरावा त्यांच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये होता. बुद्धमूर्तीच्या डावीकडे, मुलाच्या, म्हणजे सौरभच्या कॅरमच्या ढालींच्या पुढे एक कॅसेट उभी केलेली असायची. 'संगीत पाणपोई'. कव्हरवर नऊवारीतल्या तरुण शालनताई, कमरेवर घागर, हातात लोटा, नजर सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. खाली ठसठशीत अक्षरं: मूळ नटसंचाच्या आवाजात.

ही कॅसेट मी पहिल्यांदा पाहिली ती हडपसरला, आमच्या ऑफिसात, त्यांच्या सुनेच्या हातात. सून म्हणजे चैताली. नागपूरची, इंजिनिअर, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी. सौरभ तेव्हा ऑनसाइट गेलेला होता आणि चैताली सासू-सासऱ्यांसोबत राहत होती. आमची कंपनी जुन्या तबकड्या आणि कॅसेटी संगणकावर चढवून एक संकेतस्थळ उघडणार होती. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला भरतनाट्य मंदिराच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखं वाटलं पाहिजे, असं आमचा साहेब अनिरुद्ध प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचा. तो स्वतः कधी त्या रांगेत बसला होता का, हे विचारायची पद्धत नव्हती. चैताली प्रोग्राम लिहायची. मी नाटकाचं शिक्षण घेऊन बाहेर पडले होते आणि नाटकातून घरभाडं निघत नव्हतं, म्हणून मी गाण्यांची माहिती लिहायचे.

त्या माहितीवरून अनिरुद्धचं आणि माझं वाजलं होतं. त्याने गाण्यांचा एकच प्रकार केला होता, 'साउंडट्रॅक'. त्याखाली दोन रकाने, 'कुणावर चित्रित' आणि 'पार्श्वगायक'. मी म्हणत होते की साउंडट्रॅक सिनेमाचा असतो. पूर्वी चित्रफितीच्या कडेने आवाजाची बारीक पट्टी धावायची, ती साउंडट्रॅक. नाटकाला फीतच नाही, तर पट्टी कुठली? तिथे गोदाचं काम करणारीच गोदाचं पद गाते. तिच्या गाण्याची तबकडी निघाली की तिला 'मूळ संचाचं ध्वनिमुद्रण' म्हणायचं. आणि नाटकातलीच पदं दुसऱ्याच कुणी स्टुडिओत बसून गायली असतील, तर तो तिसरा प्रकार, 'नाट्यपदांचं स्टुडिओ ध्वनिमुद्रण'.

"युजरला काय फरक पडतो?" अनिरुद्ध म्हणाला होता.

"ज्याने गायलंय त्याला पडतो."

"तो आपला युजर नाही."

एवढ्यावर ती मीटिंग संपली होती. त्याने कृपा केल्यासारखा 'मूळ संच' हा एक प्रकार वाढवून दिला. तिसऱ्याला नकार.

चैतालीच्या डोक्यात वेगळंच चाललेलं होतं. संकेतस्थळाच्या उद्घाटनाला पहिलं मराठी नाटक म्हणून 'पाणपोई' वाजवायचं, पडद्यावर आईंचा फोटो दाखवायचा आणि मग आईंनी स्वतः उठून दोन ओळी म्हणायच्या, असा तिचा बेत. अनिरुद्ध खूश झाला. चैतालीने सोसायटीतल्या मंडळींना आमंत्रणंही देऊन टाकली. सासूबाईंना सांगितलं सगळ्यांत शेवटी. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. शालनताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या, मग वाफारे, मग डोक्याला मफलर. मग म्हणाल्या की नेमकं त्याच दिवशी दौंडला नणंदेकडे जावं लागेल. नणंदेचा फोन आला तेव्हा ती स्वतःच उद्घाटनाला येणार असल्याचं कळलं.

"घाबरल्यात नं त्या," चैताली मला म्हणाली. "इतक्या वर्षांनी स्टेजवर जायचं म्हणजे काय. तू नाटकवाली, तू जाऊन बोल. माहितीही लिहून घे आणि जरा धीर दे."

मी वारज्याला गेले ती दुपारची. दार भीमरावांनी उघडलं. शालनताईंचे यजमान, कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. 'जय भीम' झालं, त्यांनी मला पाणी दिलं आणि ते पिशवी घेऊन भाजीला गेले. शालनताईंनी मफलर सोडला नव्हता. चहा ठेवता ठेवताच म्हणाल्या की घसा फार बसलाय, जास्त बोलता येणार नाही. बोलताना त्यांचा आवाज मला ऐकू येत होता आणि तो बसलेला वाटत नव्हता. मुळातच खालचा, भरीव, कडेला जरासा खरखरीत. पाट्यावर वाटण वाटताना येतो तसा.

मी वही काढली आणि कामाचं विचारावं तसं विचारलं, "काकू, हे ध्वनिमुद्रण मूळ संचाचं आहे की स्टुडिओत दुसऱ्या कुणी गायलंय?"

त्यांनी गॅस बारीक केला.

"परत विचार."

मी परत विचारलं. नाटकाच्या बाबतीत हे दोन प्रकार वेगळे धरतात आणि मला योग्य तो लिहायचा आहे, असंही सांगितलं.

"असे दोन प्रकार असतात?"

"असतात."

"म्हणजे दुसऱ्या प्रकारची कॅसेट असणं, ही काही लबाडी नाही?"

"नाही हो. फक्त तसं लिहावं लागतं."

शालनताईंनी मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. चहा उतू गेला, तो त्यांनी पुसलाही नाही. "तो आवाज माझा नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकानंही हे विचारलं नाही बघ. सगळे 'म्हणा'च म्हणाले, कुणी विचारलं नाही."

मग ओट्यापाशी उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचं माहेर ताडीवाला रोडचं. वडील आंबेडकरी जलशात गायचे, कंदिलाच्या उजेडात, माइकशिवाय. आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे आणि शब्द फुटता कामा नये, हे त्यांचं शिक्षण. मुलीलाही त्यांनी आपल्याच पट्टीत, म्हणजे पुरुषांच्या पट्टीत गायला शिकवलं, कारण घरातली पेटी त्याच पट्टीला बरी वाजायची. लग्न होऊन त्या भीमरावांकडे आल्या. कारखान्यातल्या कामगारांचा नाट्यसंघ होता आणि स्पर्धेसाठी 'पाणपोई' बसत होतं. हमरस्त्यावर पाणपोई चालवणाऱ्या गोदाची गोष्ट. नायिका मिळेना. भीमराव त्या संघात पडदा ओढायचे. ते भीत भीत म्हणाले की आमच्या घरी एक आवाज आहे.

तो आवाज रंगमंचावर आला आणि नाटक उभं राहिलं. वाटसरू ओंजळ धरून विचारायचा, "बाई, हे पाणी कुणाचं?" त्या वाक्यावर गोदा गायची:

ओंजळ पुढं कर रे पांथा, नाव-गाव नको सांगू,
पाण्याला कुठं ठाऊक असतं, कुणापुढं किती वाकू.

पुण्यात प्रयोग झाले, पिंपरीला झाले, दौंडला रेल्वेच्या मैदानावर झाले. वन्समोअर यायचा तो मागच्या बाकड्यांवरून. ताडीवाला रोडची माणसं टेम्पो करून यायची.

मग कॅसेटींचे दिवस आले. गल्लोगल्ली टेपरेकॉर्डर झाले होते आणि शनिवार पेठेतल्या एका कॅसेटवाल्याला 'पाणपोई'ची पदं काढायची होती. शालनताई नव्या साडीत स्टुडिओत गेल्या. तिथे आधी त्यांचे फोटो काढले. नंतर काचेपलीकडे एक दुसरीच मुलगी माइकसमोर उभी होती. कॅसेटवाल्याने समजावून सांगितलं, तेही अगदी गोडीत. तुमचा आवाज मैदानाचा आहे, बाई. लोकांना सिनेमातलं ऐकायची सवय झालीय. सिनेमात तरी नटी कुठे गाते? चेहरा तुमचा, गळा हिचा.

"आणि कव्हरवर 'मूळ नटसंच' का छापलं?" मी विचारलं.

"त्याशिवाय खपली नसती, म्हणाला."

त्या मुलीचं नाव हेमा. रेकॉर्डिंगच्या आधी ती काचेबाहेर आली आणि 'नको सांगू'वर कुठे थांबता, ते विचारून गेली. शालनताईंनी हळूच म्हणून दाखवलं. हेमा ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, मग तुम्हीच का नाही गात?" हेमाचं नाव मात्र कव्हरवर आलं नाही. मूळ नटसंच म्हटल्यावर ते येणार तरी कसं.

चौदा एप्रिलला ताडीवाला रोडवर कर्ण्यांतून ती कॅसेट लागली. आपल्या शालनचा आवाज म्हणून म्हाताऱ्या बायांनी त्यांची अलाबला घेतली. शालनताई तेव्हाच सांगणार होत्या. पण आनंदाने रडणाऱ्या बायकांना काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? पुढे एका बारशाला त्यांनी मनापासून, आपल्या आवाजात पद म्हटलं. पाळण्याजवळची एक बाई म्हणाली, "शालनताई, आज असं का हो? कॅसेटमधल्यासारखं म्हणा ना."

"त्या दिवशी मी थांबले," त्या म्हणाल्या. "ती बाई वाईट नव्हती. पण मला कळलं, आता मी कुठंही गायले तरी खोटी वाटणार मीच. कॅसेट खरी."

मी काहीच लिहिलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "लिही. आणि त्या हेमाचं नाव आधी लिही. पण चैतालीला मी सांगेन, तू नको."

चैतालीचीच त्यांना धास्ती होती. सून हौसेने सगळ्यांना सांगून बसलेली, तिचं ऑफिसात हसं होईल, आणि घरात इतकी वर्षं शोकेसमध्ये ठेवलेली गोष्ट खोटी निघाली तर ती काय म्हणेल. त्यांनी मला जाऊ दिलं नाही. संध्याकाळी चैताली आली, भीमराव मेथी निवडत बसले होते, आणि शालनताईंनी उभ्यानेच, पाठ केल्यासारखं, सांगून टाकलं.

चैतालीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "म्हणजे तुमचा घसा बसलेला नाही?"

"नाही."

"आणि मी रोज रात्री हळदीचं दूध करतेय."

"ते चांगलं होतं गं," शालनताई म्हणाल्या. चैतालीला हसू आवरलं नाही. मग ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. भीमराव मेथीच निवडत होते.

"अहो, तुम्ही काही बोलत का नाही?" शालनताईंनी विचारलं. "ऐकलंत ना मी काय म्हणाले?"

"प्रयोगाला पडदा कोण ओढत होतं?" भीमरावांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग? विंगेत उभं राहून प्रत्येक प्रयोगाला ऐकलाय मी तुझा आवाज. कॅसेट पहिल्यांदा लागली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला आता तोच आवाज आवडायला लागलाय. आपला नकोसा झालाय. त्यात मी काय बोलायचं."

शालनताई समोरच्या खुर्चीत बसल्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं की तेव्हा त्यांच्या लक्षात आलं: त्या घरात पाहुण्यांनी कॅसेट लावली, सौरभने लावली, चैतालीने लावली, पण भीमरावांनी स्वतःच्या हाताने ती एकदाही लावली नव्हती. त्यांना वाटायचं, ह्यांना गाण्याची आवड उरली नाही.

ऑफिसात अनिरुद्धला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी भांडायच्या तयारीनेच गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे तो तिसरा प्रकार लागणार."

"हो."

"उद्घाटन तोंडावर असताना."

"हो."

"चैतालीला सांग, टाक. आणि 'मी म्हणत होते' हे वाक्य तू आता म्हणायचं नाहीस."

मी ते म्हटलं नाही. अजूनही जपून ठेवलंय.

हेमाला शोधणं अवघड गेलं नाही. कॅसेटवाल्याकडे तिचं पूर्ण नाव मिळालं; शनिवार पेठेतच तिचा गायनाचा वर्ग होता. दाराला पाटी होती, 'वर्ग चालू असताना बेल वाजवू नये. वर्ग बंद असताना वाजवून उपयोग नाही.' मी कडी वाजवली. आता चाळिशी ओलांडलेल्या हेमाताई बाहेर आल्या, 'पाणपोई'चं नाव ऐकून पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "माझ्या मुलीला सांगते, हे मी गायलेय. ती म्हणते, आई, कव्हरवर तर दुसऱ्याच बाई आहेत." मग विचारलं, "त्या ताई अजून गातात का?"

उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर तोच फोटो आला, घागर, लोटा, सरळ नजर. त्याखाली नवी ओळ होती: नाट्यपदांचं स्टुडिओ ध्वनिमुद्रण. गायिका हेमा साठे. रंगमंचावरील मूळ गोदा आणि मूळ गायिका शालन ओव्हाळ. त्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. कॅसेट वाजली. शालनताई पहिल्या रांगेत हेमाताईंच्या शेजारी बसल्या होत्या. नेहमी त्या पदाला त्यांची मान खाली जायची, आज त्या मांडीवर ताल धरून ऐकत होत्या. 'नको सांगू'वर हेमाताईंचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "गोड गायलीयस गं. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं."

त्यांनी उठून दोन ओळी म्हणण्याचा कार्यक्रम चैतालीने रद्द केला होता. अनिरुद्धचं भाषण लांबलं, त्यात कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

नंतर आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये वारज्याच्या बसची वाट बघत बसलो. सोसायटीची मंडळी वडे खात होती. तळमजल्यावरच्या सरोजिनीकाकूंनी पडद्यावरची ओळ नीट वाचलेली होती, आणि वाचलेलं पोटात ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"अहो शालनताई, म्हणजे तुम्ही गायलाच नाहीत?"

आसपासचे चमचे थांबले. चैतालीने माझा दंड धरला. हाच प्रश्न ऐकायला लागू नये म्हणून ही बाई इतकी वर्षं गप्प राहिली होती.

"गायले की," शालनताई म्हणाल्या. "ह्या कॅसेटमध्ये नाही गायले."

"मग आम्ही कशात ऐकायचं?"

शालनताईंनी सवयीने पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. आता ते नेहमीचं उत्तर येणार, असं मला वाटलं. तेवढ्यात भीमराव उठले. भिंतीशी पाण्याचं मशीन होतं, तिथे गेले, पण कागदी पेला काही घेतला नाही. बायकोकडे तोंड करून दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. आयुष्यात रंगमंचाच्या उजेडात न आलेला तो माणूस, खालच्या आवाजात पण शब्द न शब्द स्पष्ट, म्हणाला:

"बाई, हे पाणी कुणाचं?"

शालनताईंनी बसल्या जागेवरूनच पद उचललं. खाली, वडिलांच्या पट्टीत, ऑर्गन नाही की तबला नाही. सुरुवातीला आवाज दोनदा अडखळला. 'नाव-गाव नको सांगू'ला तो सापडला आणि मग काउंटरच्या पलीकडे भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत गेला. तिने नळ बंद केला. हेमाताई डोळे मिटून बसल्या होत्या. भीमरावांची ओंजळ तशीच.

ध्रुपद संपलं. सरोजिनीकाकूंनी हातातला वडा बशीत ठेवला, हे सोसायटीवाल्यांच्या अजून लक्षात आहे. मग त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "आज आवाज जरा वेगळा लागला का?"

"नाही," शालनताई म्हणाल्या. "माझा हाच आहे."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. भीमरावांचे हात ओंजळ सोडून, जुन्या सवयीने, वर पडद्याची दोरी शोधायला गेले होते.

"अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "अंतरा राहिलाय."